चौतीस मुलांची बॅच : लेकीच्या ख्रिस्ती हायस्कूलची चार वर्षं

मी नगरच्या मिशन शाळेत शिकले. त्यामुळे 'ख्रिस्ती शाळा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दगडी इमारत, एका वर्गात साठ मुली आणि एसएससी बोर्ड एवढंच येतं. सकाळची प्रार्थना आणि नाताळचा कार्यक्रम सोडला तर बाकी सगळं बोर्डाचं होतं. पुस्तकं बोर्डाची, पेपर बोर्डाचे, मार्कही बोर्डाचेच. नगरचे ऐंशी टक्के पुण्यात गेल्यावरही ऐंशीच राहायचे.

अमेरिकेतल्या खासगी हायस्कूलला असं बोर्डच नसतं, हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं. लेक २०२५ च्या मे महिन्यात बारावी झाली. आमच्या ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांची मुलं आता अशाच शाळांकडे बघतायत आणि तेच तेच प्रश्न फोनवर येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड काउंटीत राहतो, त्यामुळे यातलं बरंचसं कॅलिफोर्नियापुरतं आहे. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज केला. तेव्हा घराजवळची सरकारी शाळा वर्षभर पडद्यावरच चालली होती, आणि तिथे अडीच हजारांवर मुलं. ही शाळा नववी ते बारावी मिळून १३१ मुलांची. पाटीवर 'कॉलेज प्रिपरेटरी', म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी, असं ठळक लिहिलेलं. अर्जाची फी १५० डॉलर, इंग्रजी आणि गणिताची दीड तासाची परीक्षा, सातवी-आठवीची प्रगतिपुस्तकं, दोन शिक्षकांची पत्रं आणि आमच्या पाळकांचं एक पत्र. शिवाय आई-वडिलांनी सही करायचं श्रद्धेचं निवेदन. काही ख्रिस्ती शाळांना दोघांपैकी निदान एक पालक चर्चचा सभासद लागतो, काहींना अजिबात लागत नाही. तुम्ही हिंदू असाल तर हे फॉर्म भरायच्या आधी फोन करून विचारा, कारण अर्जाची फी परत मिळत नाही.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. मुख्याध्यापकांनी अगदी प्रेमाने विचारलं, "म्हणजे अमेरिकेत आल्यावर तुम्ही ख्रिस्ती झालात का?" नवऱ्याने शांतपणे सांगितलं की आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलंय, आणि त्याची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या शाळेत शिकलीय. त्यांना दोन्ही नावं माहीत नव्हती. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली, एवढं मात्र खरं.

एप्रिलमध्ये प्रवेश झाल्याचं पत्र आलं. पहिल्या वर्षाची फी १३,८०० डॉलर, नोंदणीचे ६०० वेगळे, पुस्तकं आणि गणवेशाचे सातशेच्या आसपास. दर वर्षी फी थोडी वाढली, बारावीला १६,२०० झाली. वर्षाला वीस तास पालकांनी शाळेत काम करायचं, नाही केलं तर तासाला २५ डॉलर भरायचे. मी मैदानावरच्या टपरीत हॉटडॉग विकून माझे तास पुरे केले.

नववी ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. बॅचमध्ये चौतीस मुलं. दिवसाला सात तास, त्यातला एक रोज बायबलचा, आणि बुधवारी चॅपल, म्हणजे शाळेची प्रार्थनासभा. बायबलचा तास म्हणजे आपल्याकडच्या मूल्यशिक्षणासारखा गप्पांचा तास असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. आठवड्याला वचन पाठ, त्याची दहा मार्कांची चाचणी, स्वल्पविराम चुकला तरी अर्धा मार्क कट. वर जुन्या कराराचा नकाशा, राजांची क्रमवारी, सहामाहीला सहा पानी निबंध. लेकीला पहिल्या सहामाहीत बी प्लस मिळाला. सासूबाईंना व्हॉट्सॲपवर सांगितलं तेव्हा नगरहून बराच वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, "गणितात कमी पडली तर समजू शकते. बायबलला?" त्यांचं तेविसावं स्तोत्र सहाव्या वर्षी पाठ होतं, हे आम्हाला पुन्हा ऐकावं लागलं.

शिकवण्याबद्दल मात्र मला तक्रार करायला जागा नाही. ऑक्टोबरमध्ये बीजगणिताच्या एका चाचणीत लेक साफ आपटली. त्या रात्री नऊला शिक्षकांची मेल आली की उद्या सव्वासातला ये. मी तिला सोडायला गेले तर सर वर्गाबाहेरच्या बाकावर बसलेले, गळ्यात व्हॉलीबॉलची शिट्टी, कारण मुलींच्या संघाचे प्रशिक्षकही तेच. तिचा पेपर मांडीवर घेऊन ते एकेक पायरी तिलाच मोठ्याने वाचायला लावत होते. तिसऱ्या गणिताला ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "इथे चिन्ह बदललं." सर काही बोलले नाहीत, नुसती पेन्सिल तिच्या हातात दिली. हेच सर तिला पुढे अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसला होते. छोट्या शाळेत असंच असतं. शिक्षक चांगला असला तर चार वर्षं चांगला, नसला तर चार वर्षं तोच. स्पॅनिशच्या बाबतीत आमचं नशीब तितकंसं नव्हतं, आणि दुसरी परकी भाषा शाळेत नव्हतीच.

माझा धडा दहावीत सुरू झाला. जानेवारी २०२३ मध्ये एका मैत्रिणीशी बोलताना तिने सहज विचारलं, "तुमच्या शाळेची ए-जी यादी बघितलीस ना?" मला ए-जी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, हायस्कूलकडून पंधरा वार्षिक विषय मागते. इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, परभाषा दोन, कला एक, आणि एक ऐच्छिक. ए ते जी ही त्या सात गटांची अक्षरं. विषयाला नुसतं नाव असून चालत नाही. प्रत्येक शाळेचा प्रत्येक विषय यूसीने आधी मंजूर केलेला असावा लागतो, आणि ती यादी यूसीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. शाळेचं नाव टाकायचं, वर्ष निवडायचं, झालं. पाच मिनिटांचं काम आहे. प्रवेशाची फी भरायच्या आधी हे करा. मी केलं नव्हतं.

त्या रात्री मी एका बाजूला शाळेची विषयपुस्तिका आणि दुसऱ्या बाजूला ती यादी घेऊन बसले. बायबलचे चारही विषय यादीत नव्हते, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण लेकीने नववीत कलेचा विषय म्हणून घेतलेला 'वर्शिप टीम', म्हणजे चॅपलसाठी गाणं-वाजवणं, तोही नव्हता. शाळेचा डिप्लोमा मिळायला तो कला म्हणून चालत होता, यूसीला चालत नव्हता. आणि 'केमिस्ट्री ऑनर्स' यादीत होती ती नुसती 'केमिस्ट्री' म्हणून, ऑनर्सच्या, म्हणजे जास्त खोल अभ्यासाच्या, खुणेशिवाय. ती खूण नसली की यूसी जास्तीचा गुण देत नाही.

शाळेच्या काउन्सेलर, म्हणजे विषयांचा आणि कॉलेजप्रवेशाचा सल्ला देणाऱ्या बाई, मंगळवार-गुरुवारच असायच्या, बाकीचे दिवस त्या बारावीला अर्थशास्त्र शिकवायच्या. दोन आठवड्यांनी वेळ मिळाली. मी जरा तावातच गेले होते. त्यांनी मला बसवून आधी एक जुनी गोष्ट सांगितली. आमच्याच काउंटीतल्या मरिएटा गावच्या एका ख्रिस्ती शाळेने, काही विद्यार्थ्यांनी आणि ख्रिस्ती शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये यूसीवर खटला भरला होता. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेस आणि अ बेका या ख्रिस्ती प्रकाशनांच्या पुस्तकांवर बेतलेले काही विषय यूसीने नामंजूर केले होते, त्यावरून. शाळा २००८ मध्ये हरली, २०१० मध्ये अपिलातही हरली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. काउन्सेलरांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून या भागातल्या शाळा शहाण्या झाल्या. आमच्या शाळेत जीवशास्त्राचं मुख्य पुस्तक सरकारी शाळेतलंच होतं, ख्रिस्ती प्रकाशनाचं सोबतीला. लेकीला उत्क्रांतीची चाचणीही होती आणि बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायावर निबंधही. दोन्ही नीट माहीत हवं, एवढंच जीवशास्त्राच्या सरांचं म्हणणं. मला ते पटलं होतं.

"मग केमिस्ट्री?" मी विचारलं. उत्तर अगदी साधं निघालं. तो विषय ऑनर्स म्हणून यूसीकडे कुणी कधी पाठवलाच नव्हता. त्यासाठी वेगळा, जास्त खोल अभ्यासक्रम आणि वर्षाअखेरची सर्वसमावेशक लेखी परीक्षा दाखवावी लागते. आधीच्या काउन्सेलर गेल्या, नव्या आल्या, मधल्या मधे राहून गेलं. त्यांनी त्या वर्षी तो पाठवला आणि मंजूरही झाला, पण पुढच्या बॅचसाठी. घरी येताना गाडीत मला रडू आलं. राग शाळेपेक्षा स्वतःचाच जास्त होता. नगरच्या सवयीने मी धरून चालले होते की कुणीतरी वर बसून हे सगळं बघत असणार.

कलेचा प्रश्न कम्युनिटी कॉलेजने, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजने, सोडवला. कॉलेजचा तीन किंवा अधिक युनिटचा (श्रेयांकांचा), यूसीला हस्तांतर होणारा एका सत्राचा विषय हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरला जातो. हायस्कूलच्या मुलांना तिथे बहुधा शिकवणीची फी माफ असते. आम्हाला २४ डॉलर आरोग्य शुल्क पडलं, आणि जुनं पुस्तक ३८ ला मिळालं. कागद मात्र बरेच. कॉलेजच्या सामायिक पोर्टलवर अर्ज, दोन दिवसांनी विद्यार्थी क्रमांक, मग एक विशेष प्रवेशाचा फॉर्म, ज्यावर मुख्याध्यापक, पालक आणि मूल अशा तीन सह्या. आमचा फॉर्म शाळेच्या टेबलावर बारा दिवस पडून होता. हायस्कूलच्या मुलांना नोंदणीची तारीख सगळ्यांत शेवटची मिळते, तोवर कलेच्या इतिहासाचा वर्ग भरला होता आणि लेक प्रतीक्षायादीत तिसरी. तरी पहिल्या दिवशी तिला वर्गात जाऊन बसायला लावलं. चार जण आलेच नव्हते, त्यामुळे बाईंनी तिथल्या तिथे वर्गात नाव घालायचा कोड दिला. जून-जुलै २०२३, सहा आठवडे. एका गृहपाठासाठी गेटी सेंटरमध्ये एकाच चित्रासमोर चाळीस मिनिटं बसायचं होतं. प्रवेश फुकट, पार्किंगला पैसे. लेकीला त्यात बी मिळाला, आणि कॉलेजचा ग्रेड कायमचा कॉलेजच्या नोंदीत राहतो. मूल आजारी पडलं, जमेना, तर मुदतीत नाव काढून घ्या.

अकरावी म्हणजे परीक्षांचं वर्ष. शाळेत एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय चारच होते. लेकीला मानसशास्त्र हवं होतं, ते नव्हतं. एपीची परीक्षा वर्ग न करताही देता येते, पण ती घेणारी शाळा आपणच शोधायची. सप्टेंबर २०२३ मध्ये मी सात शाळांना फोन केले. पाचांनी बाहेरची मुलं घेत नाही असं सांगितलं, एकीने फोनच उचलला नाही. सातव्या शाळेतल्या एपीच्या बाई म्हणाल्या, चेक घेऊन शुक्रवारी या. परीक्षेचे ९८ डॉलर, वर त्या शाळेचे ३०. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेपरची मागणी नोंदवावी लागते, त्यामुळे हे काम दिवाळीच्या आत उरकलेलं बरं. मे महिन्यात तिने त्या अनोळखी शाळेच्या व्यायामशाळेत पेपर दिला आणि चार गुण आले, पाचपैकी. एक गोष्ट तेव्हा माहीत असती तर मी कदाचित एवढी धावपळ केली नसती. यूसी जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, जास्तीचा गुण एपीच्या वर्गाला देते, नुसत्या परीक्षेला नाही.

सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. यूसी आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्नियाची आणखी एक सरकारी विद्यापीठसंस्था) दोघेही सॅट बघतच नाहीत, आमच्यासाठी ती फक्त दोन खासगी कॉलेजांपुरती होती. ९ मार्च २०२४ ला, शनिवारची डिजिटल सॅट अमेरिकेत पहिल्यांदा झाली त्या दिवशी, दिली. साठ डॉलर आणि घरापासून सत्तर मैलांवरचं केंद्र, कारण जवळच्या केंद्रांवर जागाच नव्हती. आदल्या रात्री मोटेलमध्ये राहिलो. लॅपटॉपचा चार्जर मोटेलवर राहिला, पण बॅटरी पुरली.

बारावीचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये हातात आलं तेव्हा एपी कॅल्क्युलस आणि एपी इंग्रजी साहित्य दोन्ही तिसऱ्या तासाला. मोठ्या शाळेत एका विषयाच्या चार तुकड्या असतात, इथे एकच. कॅल्क्युलसला सगळी मिळून पाच मुलं होती, आणि ती पाच जमली म्हणूनच त्या वर्षी वर्ग निघाला. लेकीने गणित निवडलं आणि साधं इंग्रजी घेतलं. ती दोन दिवस घुश्शात होती, मग विसरली. मी विसरायला जास्त दिवस घेतले.

यूसीचा अर्ज १ ऑगस्टपासून भरता येतो, दाखल करायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २०२४ ला ३० नोव्हेंबर शनिवारी आला म्हणून मुदत २ डिसेंबर होती. प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर, आम्ही पाच निवडले, म्हणजे चारशे. कॅल स्टेटचे दोन, सत्तर-सत्तर. यूसी शिफारसपत्रं मागत नाही, अर्ज करताना ट्रान्सक्रिप्टही, म्हणजे शाळेची ग्रेडची अधिकृत नोंदही, नाही. सगळे ग्रेड मुलाने स्वतः टंकायचे, एकही चूक नको. आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत उत्तरं. मी आजीवर लिही म्हणून फार मागे लागले. तिने व्हॉलीबॉलचा गुणफलक सांभाळण्यावर लिहिलं.

दिवाळीच्या आठवड्यात एका रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघींनी कागदावर जीपीए काढला. शाळेच्या कागदावर ४.१८ होता. यूसी फक्त दहावी-अकरावीचे ए-जी विषय धरते. बायबल वगळलं, शारीरिक शिक्षण वगळलं. उरले एकवीस ग्रेड, चौदा ए (प्रत्येकी चार गुण) आणि सात बी (प्रत्येकी तीन). सत्त्याहत्तर गुण, वर दोन एपी विषयांचे सहामाहीला एक असे चार आणि कॉलेजचा एक मिळून पाच जास्तीचे. ब्याऐंशी भागिले एकवीस, ३.९०. केमिस्ट्रीचे दोन मिळाले असते तर चौऱ्याऐंशी, म्हणजे बरोबर ४.००. लेकीने ते दोन वेळा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि म्हणाली, "आई, आता हे कुणाला सांगू नको." आता ती स्वतःच म्हणाली लिही, म्हणून लिहिलं.

शाळेने 'कॉलेज प्रिपरेटरी' म्हणून जे दिलं ते खरं तर खासगी कॉलेजांच्या अर्जात दिसलं. कॉमन ॲपसाठी, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जासाठी, काउन्सेलरांनी दोन पानी पत्र लिहिलं. त्यात ती नववीत आपटलेली चाचणीही होती. तीन हजार मुलांच्या शाळेत हे कुणाला आठवलं असतं? ख्रिस्ती कॉलेजांपैकी एकाला पाळकांचं पत्र हवं होतं, तेही त्यांनीच आठवणीने मागवून घेतलं. खासगी कॉलेजांना आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म लागला, पहिल्याला २५ डॉलर, पुढच्याला १६. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, त्या वर्षी उशिरा, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना खुला झाला. तो फुकट असतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बारावीची फी आधी भरून ठेवा, थकली असेल तर काही शाळा ट्रान्सक्रिप्ट अडवतात.

मार्च २०२५ मध्ये निकाल आले. यूसीचे सॅन डिएगो आणि अर्व्हाइन नाही. डेव्हिस प्रतीक्षायादी, पुढे तिथूनही नाही. मर्सेड आणि रिव्हरसाइड हो. खासगीतल्या एकाने बऱ्यापैकी मदत देऊ केली, तरी हिशेब रिव्हरसाइडकडेच झुकला, आणि १ मेच्या आत तिने होकार भरला. घरातून पंचवीस मिनिटं.

एक काम राहतं ते बहुतेक जण विसरतात. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत यूसीला पोचवायची, शाळेकडून थेट. कम्युनिटी कॉलेजची वेगळी, त्यांच्या पहिल्या दोन प्रती फुकट मिळतात. आमच्या शाळेचं ऑफिस १३ जूनला बंद होऊन ऑगस्टलाच उघडणार होतं, आणि हे काम करणाऱ्या बाई एकच. मी १० जूनला सकाळी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्यासमोर ती ऑनलाइन पाठवली, पोच आल्याचं दाखवलं, आणि एक प्रत शिक्का मारून मला दिली.

गाडीत बसून त्या प्रतीचा फोटो सासूबाईंना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी लगेच फोन आला.

"बायबल कुठल्या ओळीत आहे?"

"प्रत्येक वर्षाच्या पहिल्याच," मी सांगितलं. "नववीला बी प्लस, दहावीला ए वजा, मग दोन्ही वर्षं ए."

त्यांनी बहुधा चष्मा लावून फोटो मोठा केला असावा, कारण मध्ये थोडी शांतता होती. मग म्हणाल्या, "त्या बाई आहेत का अजून ऑफिसात? नववीचं तेवढं खोडता येतं का विचार."

मी गाडी सुरू केली.